चार महिने ठणठणीत

“दिवाळीपासून होळीपर्यंत सोमी अगदी ठणठणीत होती,” असं म्हणून संस्थेच्या दर्पणने लॅपटॉप रखमाकडे वळवला.

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या ओळीच ओळी होत्या. संस्थेच्या ॲलर्जी डायरीच्या ॲपमध्ये मोबाइलवर रोज एक चेहरा दाबायचा. त्रास नसला तर हसरा, दम लागला तर रडका. होळीनंतर सगळे रडके होते. रखमाला वाचता येत नव्हतं, पण हसणं-रडणं कळायला शाळा लागत नाही. तिच्या मांडीवर सात वर्षांची लेक सोमी तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मासवणजवळच्या त्या पाड्यावरच्या अंगणवाडीत दुपारी बाकी कुणी नव्हतं, फक्त दारात आशा सेविका दीपा उभी होती.

“होळीपातूर आमी भट्टीवर होतो,” रखमा म्हणाली. “बोईसरच्या पल्याड. विटा पाडायला.”

“तेच तर म्हणतो मी, ताई. भट्टीवर तिला मानवतं. इथे आलात, मोह फुलला आणि त्रास सुरू झाला. फुलांची ॲलर्जी आहे ही. हंगामी.”

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. हा पालघरहून उन्हातान्हात मोटारसायकलवर आला होता, हळू बोलत होता, आल्याआल्या सोमीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला होता. आणि तेवढ्याच हळू आवाजात सांगत होता, की भट्टीचा धूर आणि राख पोरीला मानवतात.

“पण भट्टीवरून हे चेहरे दाबले कोणी?” दीपाने विचारलं. “फोन तर पाड्यावरच होता ना गं, रखमा?”

“कणगीत होता. भातात.”

फोन देताना याच दर्पणने तीनतीनदा बजावलं होतं, संस्थेचा फोन आहे, हरवला तर जबाबदारी तुमची. भट्टीवरच्या झोपडीला दार नव्हतं. म्हणून रखमाने मोलाच्या वस्तूचं करतात तेच केलं. फोन दोन पिशव्यांत गुंडाळला, कणगीतल्या भातात खोल पुरला, आणि म्हाताऱ्या सासूला, बुधीला, राखण बसवलं. बुधीने चार महिने कोंबडीलासुद्धा कणगीकडे फिरकू दिलं नाही. परत आल्यावर रखमाने फोन काढला, पुसला, चार्जिंगला लावला, आणि त्या दिवसापासून इमानाने रोज चेहरा दाबला.

दर्पण चपापला. थोडा वेळ त्याने पडद्यावर खालीवर केलं.

“नोंद आली नाही, तर ॲप त्या दिवशी त्रास नाही असं धरतं,” तो म्हणाला. “रचनाच तशी आहे.”

“म्हणजे मेलेलं माणूस तुमच्या डायरीत सगळ्यात ठणठणीत,” दीपा म्हणाली.

रखमा पडद्यावरच्या ओळींकडे बघत राहिली. यातलाच कुठला तरी एक चेहरा त्या सकाळचा असणार. “थंडीत हिला भट्टीवरनं खांद्यावर टाकून पळत नेली मी दवाखान्यात,” ती म्हणाली. “ओठ काळे पडलेले. दोन दिस नाकात नळी होती. तवा पन ही हसत होती काय?”

“ताई, मला मान्य आहे.”

“मान्य हाय तर लिव मंग. मी सांगते, तू लिव.”

“मागची तारीख ॲप घेत नाही. आणि अहवाल गेला वर. थंडीत ज्यांना त्रास नाही, त्यांचं नाव दम्याच्या पंपाच्या यादीतून कमी झालंय.” त्याने बॅगेवर हात ठेवला. “पंप आहेत माझ्याकडे, पण मोजून दिलेत, नावानिशी. सोमीला फुलांच्या दिवसांपुरतं सिरप देतो.”

सोमीचा जुना पंप कालच संपला होता. रखमाने सकाळपासून तो दहादा हलवून पाहिला होता, आत काहीच वाजत नव्हतं.

“आणि मोह वेचायला हिला नेऊ नका,” दर्पण काळजीने म्हणाला. “जमलं तर पुढच्या वर्षी भट्टीवर थोडं जास्त थांबा. तिच्याच भल्यासाठी सांगतो.”

रखमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मोहाखाली माझी सासू वाढली. तिची सासू वाढली. मोहानं आजवर कोनाचा दम नाय कोंडला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दीपा दारातून दोन पावलं आत आली.

रखमाने सोमीला उठवून उभी केली आणि तिचा झगा पाठीवरून वर सरकवला. मग टेबलावरून हात लांब करून दर्पणचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा पोरीच्या उघड्या पाठीवर टेकवला.

“बघ काय लागतं हाताला.”

चुलीत ओलं लाकूड सुसवावं तसं काहीतरी तळव्याखाली सुसवत होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्या वर येत आणि आत ओढल्या जात. दर्पणने हात मागे ओढून पाहिला. रखमाने सोडला नाही.

“ताई, हात सोडा.”

“दुसरा मोकळा हाय ना तुझा,” रखमा म्हणाली. “त्यानं पंप काढ बॅगेतून. मंग सोडते.”