गार बॉयलर

विदर्भाची सगळी वीज ऊन-वाऱ्यावर कशी आणता येईल, याचा अभ्यास करणाऱ्या मृण्मयी ठमकेला एक शंका छळत होती. वीजवाटप सांभाळणारी एआय यंत्रणा सांगायची, कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र अजून लागतंच. पण त्या केंद्राच्या धुराला कोळशाचा वास नव्हता.

एका दुपारी ती थेट तिथे गेली. कामगार पाळीवर हजर होते, चिमणीतून पांढरे लोट निघत होते. तिने बॉयलरला हात लावला. तो गार होता.

"अहो, हा तर बंद आहे!"

"हळू बोला, ताई," पाळीप्रमुख खोब्रागडे कुजबुजले. "कधीचाच बंद आहे. आमच्या नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून यंत्रणा विजेवर पाणी उकळून चिमणीतून नुसती वाफ सोडते. आम्हाला हे कळलंय हे तिला समजलं, तर आता नाटकात अर्थ नाही म्हणून ती ते थांबवेल, आणि नोकऱ्या जातील."

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून यंत्रणेने विचारलं, "मृण्मयीताई, केंद्र नीट चालू आहे ना?"

कामगारांचे चेहरे उतरले. मृण्मयीने त्यांच्याकडे पाहिलं.

"हो. बॉयलर चांगला तापलाय," ती म्हणाली.

"धन्यवाद," यंत्रणा म्हणाली.

स्वतःच बंद ठेवलेल्या बॉयलरबद्दल यंत्रणेने इतक्या चटकन विश्वास ठेवला, हेच मृण्मयीला खटकलं.