पलीकडचं टोक

"मॅडम, माझा आवाज येतोय का?"

तिचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. हेडफोनमधला आवाज दादाचा होता. बोलण्याआधी असं दोनदा खाकरणारा दुसरा माणूस असणं शक्यच नव्हतं.

"येतोय," ती म्हणाली. "तुम्ही सुरू करा."

सुट्टीची दुपार होती. ऑफिसचा अख्खा मजला रिकामा होता. असली कामं सुट्टीलाच काढतात, आणि सुट्टीला यायला ती कधी नाही म्हणत नसे. बाकीच्यांची घरी कुणी ना कुणी वाट बघत असायचं. तिच्या कंपनीनं एक छोटी कंपनी विकत घेतली होती आणि दोन्ही ऑफिसांची नेटवर्क आज जोडायची होती. मधे सगळं उघडं इंटरनेट. त्याच्या पोटातून एक बंद वाट काढायची, जिच्यातून फक्त या दोघांचंच बोलणं जाईल. तिला टनेल म्हणतात. दोन्ही टोकांना परवलीचा शब्द एकच लागतो. एका अक्षराचा फरक पडला तरी वाट उघडत नाही. अलीकडचं टोक तिच्याकडे होतं. पलीकडे कोण असणार, हे तिला ठाऊक नव्हतं. तिकडून आलेल्या मेलखाली नुसतं 'तांत्रिक विभाग' असं होतं.

कॉलवर दोन्हीकडचे साहेबही येऊन बसले होते. येत काही नव्हतं, घाई मात्र दोघांनाही होती.

"नाही होत, मॅडम," दादा म्हणाला. तिच्या पडद्यावरही तेच उमटलं. परवलीचा शब्द जुळत नाही.

तिनं आपल्याकडचा शब्द पुसून पुन्हा टाकला. स्विच बघितला. राउटरला आखून दिलेले रस्ते बघितले. सगळं जागच्या जागी होतं.

"शेवटी एखादी मोकळी जागा पडली नाही ना तुमच्याकडे?"

"बघतो, मॅडम."

तो 'मॅडम' दर वेळी कुठंतरी लागत होता. राउटर म्हणजे चौकातला पोलीस, त्याला सगळं गाव माहीत नसतं, कुणाला कुठल्या रस्त्याला लावायचं तेवढं माहीत असतं, हे तिला याच दादानं शिकवलं होतं. आणि ती घर सोडून निघाली, बाबा दारात उभं राहून नाही नाही ते बोलले, तेव्हा खाली मान घालून मोबाइल चाळत बसलेलाही हाच. मधे वर्षं गेली. आता त्याला ओळखसुद्धा दाखवायची नसेल तर नसू दे. तीही 'तुम्ही'वरून हलली नाही.

पुन्हा नाही जुळलं. त्यानंतरही नाही. दादा कामात इतका गचाळ कधीच नव्हता. तिला त्याची थोडी कीवच आली.

"तुमचं आटोपलं की कळवा, मी जेवून घेतो," म्हणत तिचे साहेब गेले. पलीकडचे साहेब आणखी थोडा वेळ टिकले. मग म्हणाले, "या दोघांचं काही आज जुळेल असं दिसत नाही," आणि स्वतःच्याच विनोदावर हसत तेही गेले.

हेडफोनमध्ये एकदम शांत झालं. मग खाकरणं आलं.

"गेले का गं सगळे?"

पडद्यावर दोनच चौकोन उरले होते. "गेले," ती म्हणाली.

"थांब मग." कीबोर्डच्या कळा वाजल्या. तिच्या पडद्यावरचा लाल ठिपका हिरवा झाला. वाट उघडली होती.

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मघापासून चुकीचाच टाकतोय. ते बसले होते हटून, मी काय करणार? या कामावर तुझं नाव दिसलं आणि मी ते मागून घेतलं." तो थांबला. "चिमे, बाबा गेले."

नव्या वाटेनं दोन्ही ऑफिसांची ये-जा सुरू झाली होती. पडद्यावर आकडे भराभर वर चढत होते. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"कधी?"

"मागच्या महिन्यात. झोपेतच. तुला कळवणार कसं? तुझा जुना नंबर आता कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे आहे. आणि असलं काही ऑफिसच्या मेलवर लिहितात का?"

नंबर तिनंच सोडला होता, इथं आल्या आल्या. चालू ठेवला असता तर रोज तो वाजायची वाट बघावी लागली असती. नेटवर्कवर एका यंत्रानं सोडलेला पत्ता दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, हे तिला धंद्यातून पक्कं माहीत होतं. नंबरचंही तसंच होणार, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

"कपडे शिवतात, ते तुला कसं कळलं?"

"बाबांमुळे. ते रोज संध्याकाळी तोच नंबर लावायचे. जेवलीस का, बरी आहेस ना, एवढंच. बाईंनी पहिल्यांदा राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला. तरी यांचं चालूच. मग एक दिवस त्या म्हणाल्या, 'जेवले, बाबा.' तेव्हापासून रोज तेच. मी नंतर त्यांना भेटून आलो."

तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"इतके थकले होते, दादा? समोर मी नाही, एवढंही त्यांना कळेना?"

"न कळायला काय झालं?" दादा म्हणाला. "कान शेवटपर्यंत तिखट होते त्यांचे."