पुतळ्याचा चष्मा

करुणाची सुरी पुतळ्याच्या कपाळावरून भुवयांपाशी उतरली, तसे खाली खुर्चीत बसलेले रामभाऊ पुढे सरकले.

"करुणा, तेवढं डोळ्याचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बाकी समदं कर."

"आबा, डोळ्यांवरच तर सगळ्यात जाड रंग बसलाय," परांचीवरून नात म्हणाली आणि पुन्हा खरवडू लागली.

कळंबच्या भीमनगरातला बाबासाहेबांचा हा पुतळा चव्वेचाळीस वर्षांपूर्वी रामभाऊंनीच उभा केला होता. वस्तीत मूर्तिकार कुणाच्या ओळखीचा नव्हता, गवंडी मात्र घरचा होता. हातात थापी, समोर एक फोटो, एवढ्या भांडवलावर त्यांनी माणसाएवढा पुतळा सिमेंटात घडवला. पुढे रीत पडली, की दर जयंतीला एकेका घराने पाळीने तो रंगवायचा. प्रेमात कमी पडायला कोण तयार होणार? कुणी एक हात मारला, कुणी तीन. होता होता कोटाची बटणं दिसेनाशी झाली आणि हाताची बोटं एकमेकांना चिकटली.

यंदा उजव्या दंडाला तडा गेला, आतली गंजकी सळई दिसू लागली. वस्तीची कमिटी नव्या पुतळ्याच्या गोष्टी करू लागली. तेव्हा पुण्यात मूर्तिकाम शिकलेली करुणा अडून बसली. "माझ्या आबांचा पुतळा आहे, मी नीट करते," म्हणाली. भर सभेत रामभाऊंची छाती फुगली. त्यासाठी सगळा रंग उतरवावा लागेल, हे काही त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

कारण त्या रंगाखाली खरा चष्मा होता. त्यांच्या बायकोच्या, अक्काबाईंच्या वडिलांचा. आण्णांचा.

त्या वर्षी जयंती दोन दिवसांवर आली, तरी पुतळ्याचा चष्मा काही जमत नव्हता. तारेवर सिमेंट धरत नव्हतं. रामभाऊंनी तीनदा केला, तीनदा गळून पडला. रडकुंडीला येऊन दुपारी घरी जेवायला गेले, तर कोनाड्यात आण्णांचा चष्मा. गोल काचांचा, काळ्या काड्यांचा. आण्णा आदल्याच वर्षी वारले होते. तोच चष्मा लावून ते रोज संध्याकाळी अख्ख्या वस्तीला पेपर वाचून दाखवायचे. अक्काबाईंचा त्या चष्म्यावर किती जीव, हे रामभाऊंना ठाऊक होतं. तरी त्यांनी तो उचलला. पुतळ्याला पक्का बसवला आणि कुणी ओळखू नये म्हणून काचांवर पांढरा रंग मारून वर काळी बुबुळं काढली.

मग घरात शोधाशोध झाली. अक्काबाईंनी डबे उपसले, वाकळा झटकल्या, चुलीमागेसुद्धा पाहिलं. त्यांचा थोरला भाऊ बुद्धघोष चष्मा मागायला आला, तेव्हा "माझ्याच्यानं हरवला, दादा," म्हणून अक्काबाईंनी खाली मान घातली. दादा नको नको ते बोलला आणि दोन वर्षं बहिणीकडे फिरकला नाही. रामभाऊ तिथंच बसले होते, मूग गिळून. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता नातवंडं झाली. आता या वयात अक्काबाईला कळलं, तर आपल्याकडे ती कुठल्या नजरेनं बघेल?

"आबा!" करुणा वरून ओरडली. "हे सिमेंट नाहीये! काच आहे, खरी काच!"

नेमक्या त्याच वेळी अक्काबाई चहाची किटली घेऊन आल्या. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी वर पाहिलं. एक काच स्वच्छ झाली होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं.

बाजारातून आणलेला चष्मा म्हणून सांगता आलं असतं. म्हातारीची नजर आता अधू झाली होती, मानलंही असतं तिनं. पण रामभाऊ खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"आण्णांचा हाय त्यो," ते म्हणाले. "कोनाड्यातनं मीच उचलला. तू भावाची बोलणी खाल्लीस आन् मी गप ऱ्हायलो. चुकलं माझं."

त्यांनी वर पुतळ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले.

अक्काबाई चौथऱ्याच्या पायरीवर टेकल्या. शांतपणे कपात चहा ओतला.

"चव्वेचाळीस वरसं लागली व्हय एवढं सांगाया?"

"तुला ठाव व्हतं?" रामभाऊ तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"आण्णा गेल्यावर त्यो पेटीत पडून कुणाला पेपर वाचून दावणार व्हता? आन् दादानं काय तुमाला त्यो पुतळ्याला सुखासुखी लावू दिला असता?"

"पेटीत कुठला? कोनाड्यात व्हता की."

"पेटीत व्हता, कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात." अक्काबाईंनी कप त्यांच्या हातात दिला. "तुमी मागितला नसता, आन् मी दिला असता तर घेतला नसता. मग काय कोनाड्यात त्यो चालत आला व्हय?"