अर्ध्या मिलीमीटरचं भोक

"तिरकं गेलं," गुरुबसप्पा म्हणाला. "परत खालच्या अंगालाच झुकलं."

शरणम्मानं बोटभर गिरमिट खाली ठेवलं. समोर प्लास्टिकचं वीतभर इंजिन होतं, लातूरला पाण्याची गाडी आणणाऱ्या इंजिनासारखं. त्याच्या दांड्या बसवायला अर्ध्या मिलीमीटरची भोकं पाडायची होती. रेल्वेतून रिटायर झाल्यावर गुरुबसप्पाला हा नाद लागला आणि वर्षभरात त्याचे हात कापायला लागले. तेव्हापासून नाद त्याचा आणि हात बायकोचे.

"आधी सुईनं टिंब देतीस, ते बराबर. पण गिरमिट सरळ धर की."

"लक्ष लागंना झालंय," ती म्हणाली.

त्याचंही लागत नव्हतं. टँकर आठ दिवसांनी यायचा आणि बॅरलमधलं पाणी रोज दोन बादल्यांनी जास्तीचं उतरत होतं.

"वानरं पिऊन जात असतील," शरणम्मा म्हणाली.

"झाकण लावून? हे वानर दोन पायाचं हाय!"

बॅरल सामाईक भिंतीवर होतं आणि भिंतीपलीकडे व्यंकटी राहायचा. गुरुबसप्पा मूळचा उदगीरचा, व्यंकटी पक्का लातूरकर. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा की नाही, यावरून दोघांचं असं वाजलं की जिल्हा काही झाला नाही, दोन घरं मात्र तुटली. आता व्यंकटीची लेक सिंधु बाळंत होऊन माहेरी आली होती आणि घरात घागरभर पाणी नव्हतं. पण तो मागायचा नाही. आणि भिंतीपलीकडं थेंब जाणार न्हाई, असं गुरुबसप्पानं साऱ्या गल्लीदेखत सांगून ठेवलं होतं.

"उद्या टँकरवर सगळ्यांसमोर त्याची इज्जत काढतो," तो म्हणाला आणि स्टुलावर चढला.

"अहो, पडाल! राहू द्या ना!"

तो भिंतीवरून वाकला. बॅरलच्या पलीकडच्या अंगातून दोऱ्यासारखी धार व्यंकटीच्या बादलीत पडत होती. त्यानं चष्मा सारखा केला. भोकाच्या काठाला सुईचं टिंब होतं. भोक खालच्या अंगाला तिरकं गेलं होतं.

पलीकडे बाळ रडलं. सिंधु त्याला उगी करत होती.

गुरुबसप्पा स्टुलावरून उतरला. शरणम्मा मान खाली घालून इंजिन पुसत होती.

त्यानं गिरमिटाच्या बिटांची डबी उघडली, कापत्या बोटांनी एक जाड बिट निवडलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे एक मिलीमीटरचं घे. अर्ध्यानं बाळंतिणीचं काय भागतंय?"