काश्याच्या जागी कुणीही

कबड्डीच्या गुणयंत्रानं एकाच संघातल्या दोघा जुन्या गड्यांच्या कारकिर्दीची किंमत शंभरपैकी दाखवली. हरेश्वर एकसष्ट, काशिनाथ चौऱ्याण्णव.

हरेश्वरचं डोकंच फिरलं. चढाया त्याच्या, पेपरातले फोटो त्याचे, आणि कोपऱ्यात उभा राहून तंगड्या धरणारा काश्या त्याच्यापेक्षा वरचढ?

"काश्याच्या जागी कुणीही साधा गडी घाल आणि आमचे सगळे सामने पुन्हा खेळव!" तो यंत्र चालवणाऱ्या मुलीवर खेकसला.

पडद्यावर सामने झरझर सरकले. हरेश्वरचे अकराशे गुण तीनशेवर आले.

"काका, तुम्ही बाद झालात की काशिनाथकाकांची पकड तुम्हाला जिवंत करायची," मुलगी म्हणाली.

पडद्यावरच्या सामन्यात तरुण हरेश्वर बाद होऊन रेषेबाहेर बसून होता. समोरचा चढाईला आला.

"धर रे काश्या, सोडू नको!" हरेश्वर नकळत ओरडला.

साध्या गड्याच्या हातून पाय निसटला.