गप्प चिप

"चिप गेलेली नाही, वहिनी," बॅटरीला मीटर लावून इस्माईलमिस्त्री म्हणाला. "बॅटरी उतरली की ती आपणहून गप्प बसते. अर्धवट बोलून गाडीतल्या बाकीच्या चिपांना त्रास नको म्हणून. आपल्याला वाटतं, बिघडली."

गाडी सुमेधाच्या नवऱ्याची. तो महिन्यापूर्वी गेला. शेवटचे काही आठवडे तोही असाच गप्प असायचा. रुसलाय समजून तिनंही अबोला धरला. त्याचं हृदय थकलं होतं, बोलताना धाप लागायची, हे तो गेल्यावर डॉक्टरांकडून कळलं. तिला घोर नको म्हणून त्यानं लपवलं होतं.

मिस्त्रीनं चार्जर जोडला. थोड्या वेळानं डॅशबोर्डवरचे दिवे एकेक करत लागले. "बघा, बोलायला लागली."

आपल्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसलेल्या सुमेधानं शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि अबोला सोडला.

"अहो," ती म्हणाली.