सराईतली हाक

त्या वाटेवर एस.टी. अजून सुरू व्हायची होती, म्हणून भागीरथा नवऱ्याबरोबर बैलगाडीनं दूरच्या माहेरी निघाली होती. वाटेत जुनं बांधकाम दिसलं की माणिकराव उतरायचेच. नाचणगावच्या अलीकडं, भर दुपारी, ते एका पडक्या सराईच्या कमानीतून आत गेले.

बऱ्याच वेळानं आले आणि मुकाट्यानं गाडीवर बसले. बैल घरचेच, पण पाऊल उचलेनात.

“आत काय पाह्यलं जी?” तिनं विचारलं.

त्यांनी पराणी टोचल्यावर गाडी कशीबशी हलली.

तेवढ्यात मागून, सराईच्या आतून, माणिकरावांचाच आवाज आला, “भागीरथे, थांब! मले टाकून काऊन चालली?”

तिनं घाबरून कासऱ्याकडं हात नेला. शेजारी बसलेल्या माणसानं तिचा हात हळूच धरला, आणि गाडी दामटली.